रिकामी मैदाने आणि परतलेली गर्दी

खेळाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर तीनच गोष्टींची नोंद ठेवली : कोण खेळले, कोण जिंकले आणि चषक कोणाच्या हस्ते दिला गेला. जो उन्हात उभा राहून बघत होता, ओरडत होता, त्याची नोंद कोणी ठेवली नाही. त्याला एकच नाव होते, गर्दी. गर्दीला चेहरा नसतो असे मानले गेले, म्हणून तिला इतिहासही नाही असे ठरले. २०२०च्या महामारीने हा समज मोडला. मैदाने रिकामी झाली आणि प्रथमच सगळ्यांच्या लक्षात आले की जे नाहीत तेच दिसत आहेत. पुढे दोन वर्षांत ही गर्दी टप्प्याटप्प्याने मैदानावर परतली. ती येताना सोबत काय घेऊन आली, हा या लेखाचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने हा केवळ खेळाचा प्रश्न नाही. गर्दीत कोणाला शिरता येते, कोणाला गर्दीबाहेर उभे केले जाते आणि कोणावर गर्दी चालून येते, हा या देशातील माणसामाणसांतील संबंधांचा जुना प्रश्न आहे.

मी वाशीम तालुक्यातील अनसिंगचा. बाप सालदार, आई निंदणा-खुरपणाला जाणारी. आमच्या घरात पदवीचा कागद प्रथम माझ्या नावाने आला. आमच्याकडे कबड्डी, व्हॉलीबॉल आणि क्रिकेट. फुटबॉल आम्ही पाहिला तो बहुतेक पडद्यावरच. महाविद्यालयात इतिहास शिकवताना माझ्या ध्यानात आले की सोयाबीन-तुरीच्या या मुलखातील मुलांना युरोपातल्या क्लबांची आणि खेळाडूंची नावे तोंडपाठ आहेत, आणि आपल्याच माणसांनी मैदानावर घडवलेला इतिहास मात्र ठाऊक नाही. म्हणून हे लिहिणे आले.

प्रथम तारखा बघू. १४ मार्च २०२० रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. कोलकात्याच्या एटीकेने चेन्नईयिनला ३-१ ने हरवले. गोल झाले, चषक उंचावला गेला, पण बघायला प्रेक्षक नव्हते. आदल्याच दिवशी महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला होता. जर्मनीतील स्पर्धा १६ मे २०२० रोजी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, इंग्लंडमधील १७ जूनला. आपल्याकडे २० नोव्हेंबर २०२० पासून सुपर लीगचा पुढचा हंगाम सबंधच्या सबंध गोव्यात, बंद दाराआड खेळवला गेला. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने अंतिम सामना २-१ असा जिंकला. मुंबईच्या या पहिल्या विजेतेपदाला टाळी वाजवायला मैदानात मुंबईकर नव्हता. त्याच महिन्यात पुण्याजवळ गहुंज्याला भारत-इंग्लंड यांचे तीन एकदिवसीय क्रिकेट सामनेही प्रेक्षकांविना झाले.

या तारखांतून एक गोष्ट उघडी पडते. प्रेक्षकांशिवाय खेळ थांबला नाही. प्रक्षेपणाचा पैसा हा खेळाचा खरा पोशिंदा होता, म्हणून टीव्हीवर ध्वनिमुद्रित कोलाहल घालून काम भागवले गेले. म्हणजे माणूस नको होता, त्याचा आवाज पुरेसा होता. आपल्या समाजाला हे गणित नवे नाही. ज्यांचे श्रम हवेत पण सहवास नको, ज्यांची हलगी लग्नात हवी पण पंगतीत माणूस नको, त्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मैदान बंद झाले तेव्हा फाटकाबाहेर शेंगदाणे विकणारा, झेंडे आणि टोप्या विकणारा, सामना संपल्यावर पायऱ्या झाडणारा यांची रोजी बुडाली. त्यांचा कोलाहल कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला नव्हता.

याच काळात देशाचे एक मोठे प्रेक्षागृह झाले होते. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता लोक गच्चीवर, दारात उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या. सफाई कामगार, रुग्णालयांतील वॉर्डबॉय, स्मशानात प्रेते हाताळणारी माणसे त्या दिवशी मैदानात होती आणि इतर सगळे प्रेक्षक होते. मैदानात कोण आणि सज्जात कोण, ही विभागणी साथीने केली नव्हती. ती आधीच झालेली होती.

याच वेळी 'सामाजिक अंतर' हा शब्द घरोघर पोचला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच सुचवले की अंतर शारीरिक म्हणावे, सामाजिक म्हणू नये. आपल्याकडे मात्र तो शब्द सहज रुळला, कारण वस्तू जुनी होती. काही शहाण्यांनी तर असेही लिहिले की स्पर्श टाळण्यात आपल्या पूर्वजांचे आरोग्यशास्त्र होते. या युक्तिवादाचा समाचार घेतला पाहिजे. रोगाचे अंतर दोन्ही बाजूंनी असते. मी तुमच्यापासून दूर राहतो, तुम्ही माझ्यापासून दूर राहता, आणि दोघेही वाचतो. जातीचे अंतर एकाच बाजूने मोजले जाते. रोगाच्या अंतराला मुदत असते, चौदा दिवसांची, फार तर दोन वर्षांची. जातीच्या अंतराला मुदत नाही, ते जन्माने लागते आणि सरणावरही सुटत नाही. रोगाच्या अंतरात माणूस आजारी मानला जातो, जातीच्या अंतरात तो अपवित्र मानला जातो. आजारी माणसाला बरे करण्याचा विचार तरी होतो. या दोन गोष्टी एका तराजूत घालणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा आहे.

२०२०च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडे गेलेली आमच्या भागातील माणसे मिळेल त्या वाहनाने आणि पायी परत आली. त्यांना शाळेच्या खोल्यांत चौदा दिवस ठेवले गेले. गावात जन्म गेलेल्या माणसांना वेशीबाहेर थांबण्याचा अनुभव प्रथमच येत होता. चार-सहा दिवसांत ती कासावीस झाली. अपमान वाटतो, असे बोलू लागली. मला त्यांचे दुःख खोटे वाटले नाही. पण पंधराव्या दिवशी ती आपापल्या घरी गेली. ज्यांचे घरच वेशीबाहेर वसवले होते, त्यांना पंधरावा दिवस कधी उगवला नव्हता.

आणि नियमही सगळ्यांना सारखे नव्हते. २१ फेब्रुवारी २०२१ रोजी मुख्यमंत्र्यांनी राजकीय, धार्मिक आणि सामाजिक गर्दीवर बंदी जाहीर केली. लगोलग २३ तारखेला आमच्याच जिल्ह्यातील पोहरादेवीला एका मंत्र्याच्या आगमनासाठी हजारो माणसे लोटली. सत्ता बोलावते तेव्हा गर्दी ही शक्ती असते. गरीब पोटासाठी रेल्वे स्थानकावर जमतो तेव्हा ती बेशिस्त ठरते.

साथ आणि स्पर्श यांचा आपला इतिहास मात्र वेगळा आहे. ज्या १८९७च्या कायद्याचा आधार १२३ वर्षांनी घेतला गेला, तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे झाला. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळ डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या. मुलगा वाचला आणि त्या संसर्गाने सावित्रीबाई गेल्या. साथीत अंतर राखणे हे शास्त्र आहे, पण कोणाला तरी उचलावे लागते हे माणूसपण आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

आता मैदानाकडे परत जाऊ. फुटबॉल या देशात आला तेव्हा प्रथम प्रश्न आला तो चेंडूच्या जातीचा. १८९१ साली टिंडेल-बिस्को या मिशनरी शिक्षकाने श्रीनगरच्या आपल्या शाळेत फुटबॉल आणला. चेंडू चामड्याचा आहे हे कळताच ब्राह्मण विद्यार्थ्यांनी त्याला शिवण्यास नकार दिला. शिक्षकाने दटावून त्यांना खेळायला लावले. एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला आणि तो विटाळला म्हणून हलकल्लोळ उडाला. अखेर त्याला नेऊन धुऊन काढले तेव्हा खेळ पुढे सुरू झाला. आज ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. मी ती वर्गात सांगतो तेव्हा एवढेच विचारतो : तो चेंडू ज्याने कमावलेल्या चामड्यातून शिवला, त्याला त्या शाळेच्या फाटकातून आत येता आले असते काय? फाळणीनंतर सियालकोटहून जालंदरला आलेल्या क्रीडासाहित्याच्या धंद्यात चेंडू शिवणाऱ्या हातांत दलितांचे हात मोठ्या संख्येने होते. ज्याला लाथ मारून जग आनंदित होते, त्या चेंडूचा टाका न् टाका ज्यांनी घातला, ते प्रेक्षकांतही मोजले गेले नाहीत.

१९११ हे वर्ष भारतीय खेळाच्या इतिहासात मोठे मानतात. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि बघायला हजारोंचा जनसागर लोटला होता. राष्ट्रवादी इतिहासात या गर्दीला मानाचे स्थान मिळाले. त्याच उन्हाळ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये होता. संघ हरत होता आणि एक डावखुरा गोलंदाज एकटा झुंजत होता. त्याने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याचे नाव बाळू पालवणकर, जात चांभार. पुण्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना गोलंदाजी टाकत तो घडला. हिंदू संघाला त्याचे बळी हवे होते, पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. त्याने फेकलेला चेंडू सगळे झेलत होते. त्याच्या हातच्या कपाला मात्र विटाळ होता.

बाळूला कर्णधारपद दिले गेले नाही. त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते झगडून मिळाले आणि १९२३ साली त्याच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली. सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून नाचवले. हा क्षण महत्त्वाचा आहे. ज्याची सावली टाळायची, त्याला खांद्यावर घेतले गेले. जात मोडली, असे त्या दिवशी अनेकांना वाटले असेल. त्याच १९२३ सालच्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. मैदानावर खांदा मिळाला, कायदेमंडळात ठराव मिळाला. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा काय मिळाले? त्याच इलाख्यातील गर्दी लाठ्या-काठ्या घेऊन चालून आली, आणि नंतर शेण-गोमूत्राने तळे शुद्ध करण्यात आले.

१९२३ ची गर्दी आणि १९२७ ची गर्दी यांत चारच वर्षांचे अंतर आहे. पहिली खांद्यावर घेते, दुसरी डोकी फोडते. कारण पहिल्या गर्दीला विजय हवा होता आणि तो विठ्ठलने मिळवून दिला. दुसऱ्या गर्दीपुढे माणसे हक्क मागत होती. जिंकून देणाऱ्या दलिताला टाळ्या आणि बरोबरी मागणाऱ्या दलिताला लाठ्या, हा प्रेक्षकांच्या मानसिकतेचा नियम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

आपल्यालाही इथे एक हिशोब चुकता करायचा आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू पालवणकर बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसच्या वतीने उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यामुळे आपल्या चळवळीच्या स्मरणात त्यांची जागा आक्रसली. राजकीय मतभेद आपण जरूर नोंदवावा. पण ज्याने बळी मिळवले आणि बाहेर बसून चहा घेतला, तो अनुभव आपल्याच इतिहासाचा आहे. तो परक्यांच्या हाती सोडून देणे परवडणारे नाही.

आता २०२० च्या अखेरीचे मैदान बघू. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉईड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. इंग्लंडमधील फुटबॉल जूनमध्ये सुरू झाला तेव्हा सामन्यापूर्वी खेळाडू एक गुडघा टेकून निषेध नोंदवू लागले. मैदाने रिकामी होती, त्यामुळे कोणी विरोधात ओरडले नाही. पाच-सहा महिने असे वाटले की जग बदलले. मग डिसेंबरमध्ये काही भागांत दोन हजारांपर्यंत प्रेक्षकांना परवानगी मिळाली. ५ डिसेंबर २०२० रोजी लंडनमध्ये मिलवॉल आणि डर्बी यांचा सामना होता. नऊ महिन्यांनी प्रेक्षक परतले होते. खेळाडूंनी गुडघा टेकला आणि त्या परतलेल्या प्रेक्षकांतील अनेकांनी हुर्यो उडवली. महिनोन्‌महिने घरात कोंडलेल्या माणसाच्या कंठातून, मैदान मिळताच, पहिला आवाज निघाला तो हा. पुढे ११ जुलै २०२१ रोजी वेंब्लीवर युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रॅशफर्ड, सांचो आणि साका या तीन कृष्णवर्णीय तरुणांचे पेनल्टीचे फटके हुकले. त्या रात्रीपासून समाजमाध्यमांवर त्यांच्या वर्णावर शिव्यांचा पाऊस पडला.

दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव अमेरिकेतील काळ्या पँथरांवरून घेतले होते. त्यामुळे ही घटना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आणि तिचा भारतीय अनुवाद महिन्याच्या आतच झाला. टोकियो ऑलिम्पिक प्रेक्षकांविना झाले. तिथे वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी उपांत्य सामन्यात भारत हरला. तेव्हा हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर काही सवर्ण तरुणांनी फटाके फोडले, नाच केला आणि संघात दलित फार झाले म्हणून हरलो अशी जातिवाचक शिवीगाळ केली, अशी तक्रार तिच्या कुटुंबीयांनी पोलिसांत दिली. टोकियोचे मैदान रिकामे होते. पण प्रेक्षक रिकामा बसला नव्हता, तो तिच्या दारात उभा होता. विठ्ठलच्या १९२३ च्या खांद्याची ही दुसरी बाजू होय. जिंकलीस तर देशाची, हरलीस तर जातीची.

मग गर्दी वाईटच असते काय? असे म्हणणे म्हणजे आपला स्वतःचाच इतिहास नाकारणे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर जी लाखोंची गर्दी जमली, तिने या देशातील सर्वांत मोठे अहिंसक परिवर्तन घडवले. एरवी ज्याला गावात एकटे गाठून चेपले जाते, तो ६ डिसेंबरला दादरच्या गर्दीत उभा राहिला की आपण एकटे नाही हे त्याला कळते. पुस्तकाच्या पालांपुढे रात्र काढणाऱ्या त्या माणसांनी २०२० मध्ये चैत्यभूमीवर न येण्याचे आवाहन मानले. जयंती घरात झाली, दीक्षाभूमीचा सोहळा त्या वर्षी झाला नाही. ज्यांची गर्दी ही त्यांची एकमेव संपत्ती आहे, त्यांनी ती संपत्ती शिस्तीने बाजूला ठेवली. या संयमाची दखल किती वृत्तपत्रांनी घेतली?

गोव्यातील फुटबॉलचे प्रेक्षक पूर्ण संख्येने परतले ते २० मार्च २०२२ रोजी, फातोर्ड्यालाच. योगायोगाने तो महाडचा दिवस. हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांचा अंतिम सामना होता. केरळहून माणसे रेल्वेने, मोटारींनी, दुचाक्यांनी आली आणि स्टेडियम पिवळे झाले. केरळने पहिला गोल केला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साहिल ताव्होरा या गोमंतकीय मुलाने बरोबरी साधली, आणि पेनल्टीत लक्ष्मीकांत कट्टीमनी या गोव्याच्याच गोलरक्षकाने तीन फटके अडवून हैदराबादला ३-१ असे जिंकून दिले. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला असलेला माझा एक माजी विद्यार्थी त्या सामन्याला गेला होता. नंतर फोनवर तो म्हणाला, "सर, तीन तास अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून उभा होतो. तू कोणाचा, असं कुणीच नाही विचारलं. अन् सामना सुटल्यावर बाटल्या वेचणाऱ्या बाया आल्या, त्यांनाबी कुणी नाही विचारलं."

त्याच्या या दोन वाक्यांत मला सगळा प्रश्न दिसतो. मैदानावरची गर्दी माणसाला काही तास नाव, आडनाव, गाव यांच्या ओझ्यातून सोडवते. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये समाजात ज्या मोकळ्या अभिसरणाची अपेक्षा केली होती, त्याची एक छोटी, तात्पुरती झलक तिथे मिळते. महामारीने माणसांपासून हिरावले ते हेच, आणि ते परत मिळाल्यावर लोक रडले यात नवल नाही. पण त्याच मैदानात बाटल्या वेचणारीची जात अभिसरणात येत नाही. खेळ संपला की पायऱ्यांवरची समता झाडून काढली जाते, आणि झाडण्याचे काम पुन्हा तिच्याकडेच येते.

विदर्भापुरते बोलायचे तर २००१ मध्ये नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने झोपडपट्टीतील पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. या कामावरून प्रेरणा घेऊन नागराज मंजुळे यांनी केलेला 'झुंड' हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला, फातोर्ड्याच्या त्या सामन्याआधी सोळा दिवस. झोपडपट्टी आणि महाविद्यालय यांच्या मधली भिंत त्या चित्रपटात आहे. बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा मात्र २०२०, २०२१, २०२२ अशी तीन वर्षे होऊ शकली नाही. ती २०२३ मध्ये परतली. मुंबई-पुण्यात व्यावसायिक क्रिकेट २६ मार्च २०२२ पासून पंचवीस टक्के प्रेक्षकांसह सुरू झाले होते. ज्या खेळामागे पैसा होता त्याची दारे आधी उघडली, गरिबांच्या खेळाची शेवटी. परतण्यालाही उतरंड असते.

तेव्हा प्रेक्षक परतले, याचा आनंद आपण मानावा, पण हिशोब ठेवून. माझ्या शिक्षक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना एक सुचवायचे आहे. प्रत्येकाने आपापल्या गावच्या मैदानाचा इतिहास लिहावा. तिथे कोण खेळत होते, कोण झाडाखाली उभे राहून बघत होते, बक्षीस समारंभात कोणाच्या नावापुढे वाडा आणि कोणाच्या नावापुढे गाव लावले जात होते, साथीच्या दोन वर्षांत ते मैदान कोणाला बंद आणि कोणाला उघडे होते, हे वयस्क माणसांना विचारावे आणि तारखांसह टिपून ठेवावे. ही माणसे अजून आहेत तोवरच हे काम होईल. अनसिंगपासून आम्ही सुरुवात केली आहे. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या पहिल्या दोन वह्यांत कबड्डीचे संघ आहेत, पंच आहेत, आणि पाणी कोणी कोणत्या भांड्यातून दिले याच्याही नोंदी आहेत.